वॉकर, फुलर, टकर : एकाच धंद्याची तीन आडनावं

एक्सकाठची

लीड्समध्ये चार वर्षं काढून आम्ही दोन वर्षांपूर्वी डेव्हनमध्ये, एक्झेटरला बिऱ्हाड हलवलं. लेकाच्या वाढदिवसाची आमंत्रणं लिहायला बसले आणि वर्गाची यादी वाचता वाचता थबकले. लीड्सच्या वर्गात दोन वॉकर होते, नवऱ्याच्या ऑफिसात आणखी तीन, नळ दुरुस्त करायला यायचा तोही वॉकर. इथे औषधालासुद्धा वॉकर नाही. टकर मात्र वर्गात दोन, समोरच्या घरातल्या आजी टकर, आणि शनिवारच्या बाजारात ज्याच्याकडून बटाटे घेते तोही टकर. एकमेकांशी नातंगोतं काही नाही म्हणे.

मग एकदा फोर स्ट्रीटवरून जाताना एका जुन्या दगडी इमारतीची पाटी वाचली : टकर्स हॉल. 1471 सालची. विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाची. संघ फुलरांचा आणि हॉल टकरांचा, हे काय गौडबंगाल?

तर वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही आडनावं एकाच धंद्याची आहेत. इंग्लंडच्या उत्तरेत आणि स्कॉटलंडच्या सखल भागात त्या माणसाला वॉकर म्हणत. आग्नेयेला आणि पूर्वेला, म्हणजे ससेक्स, केंट, नॉरफक, सफककडे तो फुलर. आणि आमच्या नैर्ऋत्येला, डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटात, तो टकर. बोली बदलली की आडनाव बदललं.

धंदा काय, तर लोकरीचं कापड तुडवायचं. इंग्रजीत याला फुलिंग म्हणतात. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ, तेलकट आणि ढिलं असतं. ते हौदात घालून पाय दुखेपर्यंत तुडवायचं. लोकरीच्या तंतूला सूक्ष्म खवले असतात, ते ओलाव्यात आणि घर्षणात एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि घट्ट होतं. वीण दिसेनाशी झाली, वारा-पाणी अडायला लागलं, की झालं. तुम्हीही हे घरी केलेलं असणार. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्याच्या धुण्यात टाकलात आणि बाहेर काढला तर बाहुलीला बसेल एवढा झाला? तेच ते. माझ्या सासूबाईंनी पाठवलेला मरून स्वेटर मी असाच 'फुलला' होता. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

शब्दांचं म्हणाल तर 'टकर' ज्या जुन्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ छळणे, पिडणे. कापडाचे हाल बघता योग्यच. 'फुलर' लॅटिन 'फुल्लो'वरून. त्याचा भरलेपणाशी संबंध नाही, आणि फुलाशी तर नाहीच नाही. सगळ्यात मजा 'वॉकर'ची. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कान' म्हणजे लोळवणे, उलटंपालटं करणे. त्यावरून 'वेआल्केरे' म्हणजे कापड तुडवणारा. 'वॉक' म्हणजे चालणे हा अर्थ नंतरचा. म्हणजे वॉकर हा शब्द इंग्रज 'वॉक'ला जाऊ लागले त्याच्याही आधीचा.

नवऱ्याच्या ऑफिसातला वॉकर आम्हाला छातीठोकपणे सांगायचा, आमचे पूर्वज डोंगरदऱ्यांतून मैलोन्‌मैल चालायचे. चालायचे खरे, पण जागच्या जागी.

---

उगाच_काहीतरी

म्हणजे जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा तो टोपीवाला लांब टांगा टाकत चाललाय ते सगळं खोटं? इतकी वर्षं फसवणूक झाली आमची. तीही रोख पैसे मोजून.

---

एक्सकाठची

@उगाच_काहीतरी, खोटं म्हणजे कोटी म्हणा. मूळचा जॉन वॉकर चालणारा नव्हता नि तुडवणाराही नव्हता, किल्मारनॉकचा किराणा दुकानदार होता. दुकान 1820 चं. टांगा टाकणारा बाबा 1908 मध्ये टॉम ब्राऊन नावाच्या चित्रकाराने काढला. कुणीतरी आडनावाचा आजचा अर्थ घेतला आणि चित्र खपलं. खरं चित्र काढलं असतं तर धोतर वर खोचून हौदात उभा राहिलेला माणूस काढावा लागला असता.

---

गावठी_गूगल

आणि हौदात पाणी नव्हतं हेही सांगा की ताई. उगाच सोवळं कशाला.

शिळं मूत्र. लोकांकडून गोळा केलेलं, काही दिवस ठेवून चांगलं मुरवलेलं. त्यात अमोनिया तयार होतो आणि तो लोकरीचं तेल सोडवतो. रोमनांच्या काळापासून ही रीत. पॉम्पेईत अशा धोबीघरांचे हौद आजही बघायला मिळतात. सम्राट व्हेस्पेशियनने या मुताच्या व्यापारावर कर बसवला होता. मुलाने, टायटसने, नाक मुरडलं तेव्हा बापाने त्याच्या नाकासमोर नाणं धरून विचारलं, वास येतोय का? पैशाला वास नसतो ही म्हण तिथली.

आता तुमच्या एक्झेटरचंच घ्या. 1698 मध्ये सीलिया फाइन्स नावाची एक बाई घोड्यावरून इंग्लंड बघत फिरत होती, ती तिथे आली होती. तिने सगळं टिपून ठेवलंय : सर्जचं कापड आधी मूत्रात भिजत घालतात, मग साबण लावतात, मग मिलच्या लाकडी हातोड्यांखाली देतात, आणि हातोडे असे आदळतात की कापड फाटेलच असं वाटतं, पण फाटत नाही. गावाभोवती जिकडेतिकडे कापड ताणून वाळवायच्या चौकटी होत्या असंही ती लिहिते.

त्या चौकटींना टेंटर म्हणत, आणि कापड ज्या आकड्यांना अडकवत ते टेंटरहुक. जिवाला घोर लागला की इंग्रज अजूनही 'ऑन टेंटरहुक्स' म्हणतात, म्हणजे त्यांचा जीव त्या आकड्यांवर असतो. आपला नुसता टांगणीला लागतो.

---

माऊताई

जेवताना वाचायला घेतला हा धागा. चूक माझीच.

---

सोलापुरी_चादर

छान धागा. एक शंका. फुलरला मराठीत शब्द काय? बराच वेळ आठवतोय, सापडत नाही. परीट म्हणावं तर परीट वापरलेले कपडे धुतो, हा कोऱ्या कापडावर काम करतो. रंगारी नाही, पिंजारी नाही.

माझा अंदाज असा, की शब्द नाही कारण गरज नव्हती. आपला मुलूख कापसाचा. सुताला खवले नसतात. ते कितीही तुडवलं तरी लोकरीसारखं एकजीव होणार नाही, फार तर फाटेल. साळी-कोष्ट्यांनी विणलं, रंगाऱ्याने रंगवलं, शिंप्याने शिवलं. मधे तुडवणारा हवाच कशाला?

लोकर आपल्याकडे आहे ती घोंगडीची. पण घोंगडीला कडकपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने. आमच्या आजोबांची घोंगडी नवी होती तेव्हा तिचा कोपरा धरून उभी केली तर उभी राहायची. पहिल्या पावसात भिजली की तो चिंचोक्याचा वास घरभर. बुरणूस मात्र लोकर दाबून-थापून करतात. तो फुलिंगच्या जवळचा प्रकार, पण त्यात विणकाम नाही.

---

गावठी_गूगल

@सोलापुरी_चादर, तुमची शंका बायबलच्या भाषांतरकारांनाही आली असणार. मार्कच्या शुभवर्तमानात, 9 व्या अध्यायात, येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुणा फुलरलाही तशी करता येणार नाहीत, असं वाक्य आहे. मराठी बायबलमध्ये तिथे परीट आलाय. दुसरा कोण येणार?

गंमत म्हणजे हा प्रश्न इंग्रजीतही होता. चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफ नावाच्या धर्मसुधारकाच्या मंडळींनी इंग्रजी बायबल केलं, त्याच्या दोन पाठांपैकी आधीच्या पाठात याच ठिकाणी 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' अशी जोडी दिली आहे. एकच शब्द लिहिला तर अर्ध्या इंग्लंडला कळणार नाही. तुमच्या धाग्याचा पुरावा आयता एका ओळीत.

---

वाकडी_वाट

चांगलं आहे, पण मी नेहमीप्रमाणे वाकड्यात शिरतो.

पहिलं, वॉकर म्हटलं की तुडवणाऱ्याचा वंशज, असं सरसकट धरू नका. स्कॉटिश हायलंड्समध्ये 'मॅक अन उखकडर' असं गेलिक आडनाव होतं, अर्थ फुलरचा मुलगा. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे त्याचं सरळ वॉकर केलं. म्हणजे धंदा तोच, पण आडनाव भाषांतरित. आयर्लंडमधले काही टकर तर मुळात 'ओ तुआखर' घराण्याचे, त्यांचा कापडाशी संबंध नाही. उच्चार जवळचा वाटला म्हणून इंग्रजी नाव चिकटलं.

दुसरं, अमेरिका. तिथल्या कित्येक कृष्णवर्णीय वॉकर कुटुंबांकडे हे आडनाव गुलामगिरीच्या काळात गोऱ्या मळेवाल्यांकडून आलं. त्यांच्या पूर्वजांनी यॉर्कशरची लोकर कधी पाहिलीही नसेल. आडनावावरून वंश काढायचा छंद तिथे फार जपून करावा लागतो.

तिसरं, सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद नाहीत. प्रत्येक कापडाच्या गावात एक तरी तुडवणारा होताच, आणि प्रत्येकापासून वेगळं घराणं सुरू झालं. सगळे कुलकर्णी एका कुलकर्ण्याचे नातू नाहीत, तसंच.

---

एक्सकाठची

@वाकडी_वाट, तिन्ही मुद्दे मान्य. आयरिश टकरांचं माहीत नव्हतं. समोरच्या आजींना विचारायला हवं, पण त्या स्वतःला सात पिढ्यांच्या डेव्हनच्या म्हणवतात, त्यामुळे विचारायची हिंमत नाही.

---

कंदीलवाला

थोडा इतिहास मी घालतो, कारण यात एक विसंगती आहे आणि ती मला फार आवडते.

इंग्लंडात आडनावं नॉर्मन लोकांच्या नंतर, म्हणजे 1066 नंतर, हळूहळू आली. आधी जमीनदार, मग शहरी लोक, मग कुळं. बहुतेकांची आडनावं पक्की होईतो चौदावं शतक उजाडलं. त्याआधी 'रॉबर्ट द वॉकर' म्हणजे खरोखर तुडवणारा रॉबर्ट. त्याच्या मुलाने पाव भाजायला घेतले तर तो बेकर. आडनाव पक्कं झालं कधी? मुलगा पाव भाजत असूनही वॉकरच राहिला, तेव्हा. 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीच्या याद्या ही त्या संक्रमणाची छायाचित्रंच. काही ठिकाणी नाव आणि धंदा दोन्ही लिहिलेत, आणि कुठे जुळतात, कुठे नाही.

आता विसंगती. पाण्यावर चालणारी फुलिंग मिल इंग्लंडात बाराव्या शतकातच आली. 1185 मध्ये टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने आपल्या मालमत्तेची पाहणी केली, तिच्यात यॉर्कशरमधल्या न्यूसमला आणि कॉट्सवोल्डमध्ये अशा मिलची नोंद आहे. पाणचक्कीने लाकडी हातोडे उचलायचे आणि कापडावर सोडायचे. पायाचं काम गेलं. एलियनोरा करस-विल्सन या बाईंनी 1941 मध्ये याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांतीच म्हटलं. पुढच्या अभ्यासकांना ते जरा जास्त वाटलं, मलाही वाटतं. पण एवढं खरं, की वॉकर हे आडनाव कायमचं चिकटलं तोवर बऱ्याच वॉकरांनी तुडवणं सोडून हातोड्यांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली होती.

नकाशावर मिलच्या खुणा अजून आहेत, त्याही बोलीनुसार. उत्तरेत वॉक मिल, कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्समध्ये फुलिंग मिलला 'पांडी' म्हणतात, खाणकामगारांच्या दंगलीसाठी माहीत असलेलं टोनीपांडी हे गाव त्यावरूनच.

---

नेकारकाठ

जर्मनीतून राम राम. इकडेही वाल्कर आहेत, धंदा तोच. आणि शब्द जिवंत आहे! थंडीचे दिवस आले की दुकानात 'वाल्क' जॅकेटं लागतात, म्हणजे आटवलेल्या लोकरीची. मी पहिल्या वर्षी ते चालायला जायचं जॅकेट समजून घेतलं होतं. ऊब उत्तम आहे, तक्रार नाही.

---

बाणेरची_बाय

विणकामाच्या धंद्यातून निघालेली बाकीची इंग्रजी आडनावं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. विणणारा वीव्हर, वेब आणि वेबस्टर. यात '-स्टर' हा मुळात बायकांसाठीचा प्रत्यय, म्हणजे वेबस्टर ही विणणारी बाई (बेकरची बॅक्स्टर तशीच). पुढे पुरुषही बिनदिक्कत वेबस्टर झाले. कापडाची लव कातरणारा शेरमन. रंगवणारा डायर, आणि उत्तरेकडे नि पूर्वेकडे लिस्टर. जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जोसेफ लिस्टर आठवा. 1381 च्या शेतकऱ्यांच्या उठावात नॉरफकचा पुढारी होता जेफ्री लिट्स्टर, आणि तो खरोखर रंगारीच होता. म्हणजे त्या वर्षी निदान एका माणसाचं नाव आणि काम जुळत होतं.

त्यावरून आपले भाऊ रंगारी. पुण्याच्या गणपतीमुळे नाव सगळ्यांना माहीत, पण त्यांचं आडनाव जावळे. घरचा धंदा शालू रंगवायचा, म्हणून लोक रंगारी म्हणत. कंदीलवाले म्हणतात ती मधली अवस्था हीच ना? लोकांच्या तोंडी धंदा, कागदावर आडनाव वेगळं. पुण्यात हे एकोणिसाव्या शतकात चाललं होतं, इंग्लंडात पाच-सहाशे वर्षं आधी.

पारशी मंडळींचं तर विचारूच नका. कॉन्ट्रॅक्टर, इंजिनियर, सोडावॉटरवाला. त्यांनी आडनावं घेतली तेव्हा मुंबईत जे धंदे होते त्यांची यादीच मिळते.

---

उगाच_काहीतरी

मग आमच्या पिढीने आडनावं घेतली असती तर अर्धं बाणेर 'टेस्टर' झालं असतं.

---

बाणेरची_बाय

आणि उरलेलं अर्धं 'नोटीस-पीरियडवाले'.

---

फोर्टातला_कारकून

मुंबईच्या हायकोर्टात जाणं-येणं असतं म्हणून सांगतो. ती गॉथिक इमारत बांधली कुणी? कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर, रॉयल इंजिनियर्सचे. काम 1871 च्या एप्रिलात सुरू, 1878 च्या नोव्हेंबरात पूर्ण. एवढी वर्षं त्या जिन्यांवरून चढउतार करतोय, त्या नावाचा अर्थ 'तुडवणारा' हे आज कळलं. पक्षकारांची अवस्था बघता नाव सार्थ आहे, पण ते असो.

टकरही मुंबईत येऊन गेलेत. साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं हिंदुस्थानातलं काम सुरू करणारे फ्रेडरिक टकर, जन्म मुंगेरचा, आधी पंजाबात सनदी नोकरीत. नोकरी सोडून 1882 च्या सप्टेंबरात तीन साथीदारांसह मुंबईला उतरले. वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून पोलिसांनी धरलं. पुढे त्यांनी फकीर सिंग असं नाव घेतलं, भगवी वस्त्रं नेसून अनवाणी हिंडले. संस्थापक बूथ यांच्या मुलीशी लग्न केल्यावर बूथ-टकर झाले. अनवाणी टकर! पायाचा संबंध काही सुटला नाही.

वॉकर म्हणाल तर कर्नल अलेक्झांडर वॉकर, बडोद्याचे रेसिडेंट. काठेवाडच्या संस्थानिकांनी गायकवाडांना किती खंडणी द्यायची ते 1807 मध्ये ठरवून देणारे. आपल्या बाजूला तिघेही आले, कापड कुणीच तुडवलं नाही.

---

सोलापुरी_चादर

फुलरची माती राहिलीच की! लोकरीतलं तेल शोषायला जी बारीक माती वापरत, तिला इंग्रजीत 'फुलरची माती'च म्हणतात. सरे परगण्यात रेडहिलजवळ आणि बेडफर्डशरमध्ये तिच्या खाणी होत्या. आपले विणकर सोडून परदेशी विणकरांच्या हाती ही माती लागू नये म्हणून तिच्या निर्यातीवर इंग्लंडात एके काळी बंदी होती.

आणि ही आपली मुलतानी माती! तेच खनिज. आमच्याकडे ती वाटीत भिजवून दर रविवारी बहीण तोंडाला फासते. शब्द नाही म्हणालो मी, पण माती घरोघरी आहे. काम तेच, तेल शोषायचं. मेंढीच्या ऐवजी बहिणीचं.

---

माऊताई

तेवढं बहिणीला वाचायला देऊ नका.

---

एक्सकाठची

सगळ्यांचे आभार. धागा टाकताना वाटलं होतं चार-पाच प्रतिसाद येतील.

काल समोरच्या टकर आजींकडे चहाला गेले होते. भीत भीत विषय काढला. आयरिशचं नाही काढलं. त्यांना धंद्याचं सगळं माहीत होतं. मुताचंही. त्यांच्या लहानपणी आजोबा म्हणायचे, आपण लोकांच्या मुतावर मोठे झालो, नाक वर करून चालायचं नाही. वर त्यांनी मलाच विचारलं, तुझ्या माहेरच्या आडनावाचा अर्थ काय? माहेरचं आडनाव साळी. विणकर, म्हटलं. तर म्हणतात कशा, म्हणजे तुम्ही विणून पाठवायचं आणि आम्ही तुडवायचं, मग पैसे आम्हाला का कमी?

त्यांना सांगितलं, आम्ही सुती विणायचो, तुम्हाला कामच नसतं मिळालं.

नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातल्या वॉकरला मात्र हा सगळा मजकूर इंग्रजीत करून पाठवला. त्याने दोनच दिवसांत आपल्या प्रोफाइलचा डोंगर चढतानाचा फोटो बदलला. आता त्यात तो बागेत, बादलीत पाय घालून उभा आहे. बादलीत काय आहे ते विचारलेलं नाही.

@सोलापुरी_चादर, तुम्ही त्या घोंगडीवर आणि बुरणुसावर वेगळा धागा काढाच. चिंचोक्याची खळ नेमकी विणायच्या आधी ताण्याला लावतात की नंतर घोंगडीला?

---

सोलापुरी_चादर

आधी, ताण्याला. काढतो धागा. सांगोल्याच्या बाजाराला जाऊन फोटो आणतो आधी.